अवशेषमंजूषा (मध्ययुगीन ख्रिस्ती)

संतांच्या अस्थी, केस, वस्त्राचा तुकडा किंवा पवित्र क्रूसाचे लाकूड जपून ठेवण्यासाठी मध्ययुगीन युरोपात घडवलेले पात्र, रेलिक्वरी. आतली वस्तू दिसायला अगदी साधी, बहुधा हाडाचा पिवळट तुकडा. पण संत स्वर्गात असला तरी या तुकड्यातही हजर आहे आणि पुनरुत्थानाच्या दिवशी हेच शरीर तेजस्वी होऊन उठेल, अशी भाविकांची श्रद्धा होती. ते तेज आधीच डोळ्यांना दिसावे म्हणून सोने आणि रत्ने. मंजूषेकडे नुसती श्रीमंती म्हणून पाहिले, तर तिचा अर्थच हरवतो.

याचे सर्वांत विलक्षण उदाहरण दक्षिण फ्रान्समधील काँक गावी आहे. सेंत फ्वा ही आजाँ येथे हुतात्मा झालेली कोवळी मुलगी. नवव्या शतकात काँकच्या एका मठवासीयाने तिच्या अस्थी चोरून आणल्या. अशा चोरीला दोष देत नसत. संताच्या इच्छेशिवाय अस्थी हलतच नाहीत, असे मानत. तिची बैठी मूर्ती हीच अस्थींची मंजूषा. ती सुमारे 85 सेंमी. उंच असून लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा मढवलेला आहे. मुखवटा उत्तर-रोमन काळातला, म्हणजे मूर्तीहूनही जुना. लोक नवस फेडायला दागिने वाहत आणि ते तिच्या अंगावर जडवले जात. त्यामुळे ही मूर्ती शतकानुशतके घडतच राहिली. 1013 मध्ये आलेल्या आंजेच्या बर्नार या धर्मपंडिताला ती आधी मूर्तिपूजकांच्या देवतेसारखी वाटली. पुढे त्यानेच तिचे चमत्कार लिहून ठेवले.

इतर मंजूषा घराच्या, डोक्याच्या, हाताच्या आकाराच्या असत. हाताच्या मंजूषेत हाताचेच हाड असेल असे नाही. तिने आशीर्वाद देता येई, हे महत्त्वाचे. लिमोझचे कारागीर तांब्याच्या पत्र्यात खाचा कोरून त्यांत काचेची रंगीत पूड भरत आणि ती भट्टीत भाजत. कोलोनच्या, बाल येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या भव्य मंजूषेवर व्हर्दंच्या निकोलस या सोनाराचा हात फिरला आहे. पॅरिसचे सेंत-शापेल हे प्रार्थनामंदिर (1248) तर येशूच्या काटेरी मुकुटासाठी फ्रान्सचा राजा नववा लुई याने उभारलेली दगडाकाचेची मंजूषाच.

मध्ययुगानंतरही ही परंपरा चालू राहिली. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी सतराव्या शतकात स्थानिक कारागिरांनी घडवली. युरोपात मात्र धर्मसुधारणा आणि फ्रेंच राज्यक्रांती यांच्या काळात असंख्य मंजूषा वितळवल्या गेल्या. काँकचा खजिना वाचला, कारण गावकऱ्यांनी तो आपापल्या घरांत लपवला आणि नंतर परत आणून दिला.