रिव्हॉल्व्हर की पिस्तूल: निवडीमागची सव्वाशे वर्षं

पुण्यात शस्त्रपरवाना मंजूर झालेला माणूस हल्ली दुकानात जाण्याआधी अमेरिकी व्हिडिओ बघतो. तिथे एका बाजूला बोटभर जाडीचं, दहा-बारा गोळ्यांचं नऊ मिलीमीटरचं पिस्तूल असतं आणि दुसऱ्या बाजूला पाच गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. शर्टाखाली काय लपतं, काय अडकतं, काय आधी बाहेर येतं यावर तासन्‌तास खल चालतो. मग हा गृहस्थ कॅम्पातल्या शस्त्राच्या दुकानात जातो आणि समोर येतं पॉइंट ३२चं (हे गोळीचं माप, इंचात) भारतीय रिव्हॉल्व्हर किंवा पॉइंट ३२चं भारतीय पिस्तूल. व्हिडिओतलं जवळपास काहीच त्याच्या परवान्यावर बसत नाही.

हे असं का झालं याचा माग काढला, तर रिव्हॉल्व्हर निवडणारा पुणेकर जुन्या वळणाचा किंवा अडाणी ठरत नाही. पिस्तुलाने जगभर ज्या जोरावर बाजी मारली, तो जोरच कायद्याने इथे येऊ दिलेला नाही.

आधी यंत्राची गोष्ट. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या सिलिंडरचं पेटंट घेतलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरला प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने हॅमर, म्हणजे घोडा, मागे ओढावा लागे. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८५१मध्ये नुसता चाप ओढून सिलिंडर फिरेल, हॅमर मागे जाईल आणि पडेल अशी रचना आणली. आज ज्याला आपण डबल ॲक्शन म्हणतो ती हीच. १८५६च्या ब्यूमाँट-ॲडम्समध्ये दोन्ही सोयी एकत्र आल्या आणि १८५७च्या उठावात कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांच्या कमरेला याच बनावटीची रिव्हॉल्व्हरं होती. पुढे १८८७मध्ये ब्रिटिश लष्कराने वेब्लेचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. नळी खाली मोडून उघडायची, सहाही टरफलं एकदम वर येणार, ही त्याची ओळख.

पिस्तुलाच्या बाजूने पहिलं पाऊल १८९३मध्ये बोर्खार्टने टाकलं, १८९६मध्ये माउझर आलं. पण ही धुडं खिशात घालण्यासारखी नव्हती. खिशातलं पिस्तूल शक्य केलं जॉन ब्राउनिंगने. त्याने १८९९च्या सुमारास ७.६५ मिलीमीटरचं एक छोटं काडतूस रचलं आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९००मध्ये त्यावरचं सपाट पिस्तूल बाजारात आणलं. तेच काडतूस पॉइंट ३२ एसीपी. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८९६मध्ये, स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट ३२ लाँग आणलं होतं. आज पुण्यातल्या परवानाधारकासमोर जी दोन हत्यारं ठेवली जातात, त्यांची काडतुसं ही दोन. दोन्ही एकोणिसाव्या शतकातली.

मधली सव्वाशे वर्षं कुठे गेली? बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, नियमात. १८७८च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या हातातली हत्यारं परवान्याखाली आणली. त्यानंतर इंग्रजांना छळणारी दुसरी धास्ती होती सरकारी काडतुसांची: फौजेच्या साठ्यातून चोरलेली गोळी खासगी बंदुकीत चालता कामा नये. याच विचाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉइंट ४५० बोअरच्या रायफली भारतात बंद झाल्या आणि इंग्लंडमधल्या बंदूककारांना शिकाऱ्यांसाठी पॉइंट ४७० वगैरे नवी मापं काढावी लागली. हत्यार किती घातक आहे हा मुद्दाच नव्हता. हत्तीला लोळवणारी पॉइंट ४७० चालेल, पण शिपायाच्या पट्ट्यातली गोळी ज्यात बसते ते चालणार नाही, असा तो हिशोब.

या काळातल्या महाराष्ट्राच्या इतिहासात ही यंत्रं कुठे दिसतात हे सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असतं. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९०९मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली आणि २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर ब्राउनिंगच चालवलं. म्हणजे बाजारात येऊन जेमतेम दहा वर्षं झालेली बनावट इथवर पोचली होती. पुढे २२ जुलै १९३१ला फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या, तरी हॉटसन वाचला. त्याच वर्षी काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. स्वराज्यात बंदूक मोकळी होणार, असं तेव्हा वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

झालं उलटंच. १९५९चा शस्त्र कायदा आणि १९६२चे नियम आले, आणि बोअरची जुनी भिंत जवळजवळ तशीच उभी राहिली. पॉइंट ३८० किंवा पॉइंट ४५५ची रिमवाली (बुडाला कडा असलेली) काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं, लष्करी नऊ मिलीमीटर चालणारी पिस्तुलं, हे सगळं निषिद्ध बोअर. सामान्य खरेदीदाराला मुख्यतः उरलं पॉइंट ३२ आणि त्याखालचं. निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअरला लोक सरळ ‘पीबी’ (प्रोहिबिटेड बोअर) आणि ‘एनपीबी’ (नॉन-प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात. दुकानात, पोलीस ठाण्यात, अर्जावर, सगळीकडे हीच भाषा. १९८०च्या दशकाच्या मध्यात परदेशी हत्यारं आणण्यावरही बंदी आली. तोवर आलेली वेब्ले अँड स्कॉट, वॉल्थर, कोल्ट ही देशातल्या देशात हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती लाखांत गेल्या.

त्या पोकळीत आलं कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर. ते वेब्लेच्या मार्क चार या मॉडेलवर बेतलेलं आहे, जे मुळात पॉइंट ३८च्या गोळीसाठी होतं. सांगाडा मोठ्या गोळीचा आणि गोळी लहान, त्यामुळे वजनदार, पण धक्का मऊ. अंगठ्याने वरची खटकी दाबली की नळी पुढे झुकते, टरफलं बाहेर ढकलणारी मधली चांदणी वर उचलली जाते आणि सहाही टरफलं तळहातावर पडतात. पितळी बुडावर बहुधा ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९चा. कमरेला कानपूर आणि आत खडकी, अशी ही जोडी. गंमत अशी की लष्करासाठी बंदुका रचणारी ‘एआरडीई’ संस्थाही पुण्यातच, पाषाणला आहे. महूच्या इन्फंट्री स्कूलच्या साथीने तिने घडवलेलं नऊ मिलीमीटरचं ‘अस्मी’ मशीन पिस्तूल २०२१मध्ये जाहीर झालं. गावात नवं शस्त्र घडतं आणि गावकऱ्याला १८९६चं काडतूस मिळतं!

आता अमेरिकेकडे वळू, कारण वादाची भाषा तिथून आली आहे. तिथे रिव्हॉल्व्हरचं राज्य बरंच टिकलं. १९२७चं कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल, १९५०चं स्मिथ अँड वेसन चीफ्स स्पेशल ही साध्या वेशातल्या पोलिसांची आवडती हत्यारं. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर होतं आणि जखमी हाताने ते पुन्हा भरणं जमेना. त्याआधी, १९८२मध्ये, ऑस्ट्रियाच्या लष्कराने १७ गोळ्यांचं ग्लॉक पिस्तूल स्वीकारलेलं होतंच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथली पोलीस दलं पिस्तुलाकडे गेली. १९८७मध्ये फ्लोरिडाने झाकून शस्त्र बाळगण्याचे परवाने सढळ केले, इतर राज्यं मागोमाग गेली आणि सामान्य माणसाचं खिशातलं हत्यार हा मोठा बाजार झाला. २०१८मध्ये सिग कंपनीचं पी३६५ पिस्तूल आलं: इंचभर जाडी, मॅगझीनमध्ये नऊ मिलीमीटरच्या दहा गोळ्या. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर त्याच्याहून जाड. तरीही तिथे काही लोक रिव्हॉल्व्हर सोडत नाहीत, आणि त्यांची कारणं जुनीच आहेत; ती पुढे येतातच.

तिथली ही तुलना इथल्या तराजूत घातली की पारडं हलतं. तिकडे पाचाविरुद्ध दहा-पंधरा गोळ्या, शिवाय जास्त दमदार काडतूस. इकडे सहाविरुद्ध सात-आठ, आणि काडतूस दोन्हीकडे पॉइंट ३२च. पिस्तुलाची मुख्य मिळकतच गळून पडली. मागे उरतो सपाटपणा. तो खरा आहे: पुण्याच्या उन्हाळ्यात पातळ सुती शर्टाखाली सिलिंडरचा फुगवटा लपत नाही, पिस्तूल पट्ट्याला चिकटून बसतं. दुचाकीवर वाकून बसणाऱ्याला तर तो फुगवटा बरगडीखाली टोचतोच.

आणि लपवणं इथे हौसेचं नाही. अमेरिकेत झाकून बाळगायला परवानगी लागते की नाही यावर राज्याराज्यांत वाद झाले. आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांनी सांगून टाकलं की सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलीच हवी, मिरवायची नाही. लग्नाच्या वरातीत कमरेचं दाखवत नाचणाऱ्यांना हे कोणीतरी वाचून दाखवायला हवं.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला काडतुसांचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. अर्धस्वयंचलित पिस्तूल गोळीच्या जोरावर स्वतःला पुन्हा भरतं. गोळी कमजोर निघाली, मॅगझीनची ओठं वाकली, मनगट ढिलं पडलं, की टरफल अडकतं. म्हणून पिस्तुलावर विसंबायचं तर आधी त्यातून भरपूर गोळ्या मारून ते आपल्या काडतुसांवर बिनचूक चालतं हे पाहावं लागतं आणि अडकलं तर हाताने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून मोकळं करण्याची सवय लागते. परवान्यावर काडतुसांचा कोटा लिहिलेला असतो, प्रत्येक खरेदीची नोंद होते. बालेवाडीची रेंज खेळाडूंची. असा सराव बहुतेक परवानाधारक करत नाहीत, करूही शकत नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा. पुढचं घर समोर येतं. घाबरलेल्या माणसाला एवढंच सुचतं.

झटापटीतही तेच. पिस्तुलाची नळी कोणाच्या अंगावर दाबली गेली तर स्लाइड किंचित मागे सरकू शकते आणि मग गोळी सुटतच नाही. छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते. संधिवात झालेल्या बोटांना, वयस्कर माणसाला ती ओढवत नाही. साठीच्या सराफाला किंवा पेट्रोलपंपवाल्याला दुकानदार रिव्हॉल्व्हरच सुचवतो त्यामागे एवढं साधं कारण असतं.

पण रिव्हॉल्व्हर कधीच अडत नाही, हे खोटं. अर्धवट जळलेली दारू चांदणीखाली साठली की सिलिंडर घट्ट होतं, आणि असं अडलेलं रिव्हॉल्व्हर जागेवर दुरुस्त होत नाही. डबल ॲक्शनचा चाप लांब आणि जड, त्यामुळे नेम हलतो. खोलीच्या लांबीपलीकडे नवशिक्याच्या हातून काही लागेल याची आशा धरू नये. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून तापलेला वायू निघतो, तिथे बोट ठेवलं तर भाजतं. सहा संपल्यावर भरायला वेळ लागतो तो वेगळाच. शिवाय पावसाळ्यात कमरेचा घाम आणि दमट हवा या दोन्हींना सारखीच गंजवते.

गेल्या दहा-बारा वर्षांत थोडी हालचाल झाली. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणलं: टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दिल्लीच्या निर्भया प्रकरणाची आठवण त्या नावात होती. मात्र इतके पैसे आणि परवाना दोन्ही असलेल्या किती स्त्रिया असतील, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. २०२३मध्ये ‘प्रबळ’ आलं. सिलिंडर बाजूला उघडणारं, पल्ला ५० मीटर सांगितलेलं. काडतूस पुन्हा पॉइंट ३२. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. मावळात किंवा जुन्नरकडे शेतावर बारा बोअर असलेल्याला दुसरी जागा एकच उरते, ती चुकवून चालत नाही.

वडिलोपार्जित विदेशी पिस्तूल घरी असलेल्यांसाठी एक व्यवहाराची बाब. निवडणूक आली की पुष्कळदा पोलीस ठाण्यात हत्यार जमा करावं लागतं; तेव्हा पावतीवर मॅगझीन किती दिली तेही लिहून घ्यावं. आयात बंद असल्याने जुन्या मॉडेलचं मॅगझीन बाहेरून मिळत नाही, कारागिराकडून बनवलेलं नीट बसेलच असं नाही, आणि काही पिस्तुलं मॅगझीन नसेल तर नळीत असलेली गोळीसुद्धा सोडत नाहीत. रिव्हॉल्व्हरला हरवण्यासारखा असा सुटा भागच नसतो.