ओढून उठवू नका, उठायला शिकवू या
(अर्धांगवायूनंतर घरी आलेल्या पेशंटच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक)

आम्ही घरी येऊन व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट. डिस्चार्ज मिळाला की घरचे आम्हाला फोन करतात आणि विचारतात, "बाबा कधी चालायला लागतील?" दोन-तीन आठवडे गेले की त्याच घरातून दुसरा फोन येतो, "बाबांचा खांदा फार दुखतोय, आज व्यायाम राहू द्या." या दोन फोनांच्या मधल्या काळात जे घडतं, त्याबद्दल हे पत्रक आहे. ते फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि पेशंटला उठवणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे दिवसा येणाऱ्या मावशींनाही, वाचून दाखवा.

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला उठवताना घरातले लोक त्याचा लुळा हात धरून ओढतात, नाहीतर समोरून बगलेत हात घालून उचलतात. करतात ते मायेनंच. पण आमच्या कामात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो यामुळेच.

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाचं हाड जागेवर राहतं ते मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. अर्धांगवायूत हे स्नायू सैल पडतात आणि नुसत्या हाताच्या वजनानंच सांधा खाली सरकू लागतो. काही पेशंटच्या खांद्याच्या टोकाखाली बोट टेकवून पाहा, तिथे बोटभर खळगा लागेल. अशा सांध्याला दिवसातून आठ-दहा वेळा हिसका बसला तर तो दुखणारच. खांदा दुखला की रात्री झोप नाही. झोप नाही म्हणून सकाळी व्यायाम नाही. हातावर भार घेता येत नाही, म्हणून बसल्या जागी तोल सावरता येत नाही. सुधारणेचा वेग साधारण पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो आणि नेमके त्यातलेच आठवडे खांदा शांत करण्यात निघून जातात. त्यानंतरही सुधारणा होते, पण तीच गोष्ट मिळवायला कष्ट जास्त पडतात.

ओढण्याचं दुसरं नुकसान लवकर दिसत नाही. माणूस खुर्चीतून उठतो तेव्हा आधी पाय मागे घेतो, मग धड पुढे झुकवतो आणि वजन पावलांवर आल्यावरच बूड उचलतो. हात धरून वर ओढलं की धड पुढे झुकतच नाही. वजन टाचांवर राहतं, दुबळा पाय समोर ताठ होतो आणि तुम्ही हात सोडला की पेशंट मागे पलंगावर आदळतो, नाहीतर दुबळ्या बाजूला कलंडतो. तोल सावरायचं काम रोज दुसऱ्यानं केलं तर त्याचं शरीर ते विसरतं. मग घरात कोणी नसताना तो एकटा उठायला जातो आणि पडतो. आमच्या अनुभवात बरेच पेशंट लांब चालताना पडत नाहीत. ते पडतात उठताना, वळताना आणि कमोडवर बसताना.

म्हणून आम्ही आधी उठबस घोटून घेतो. "पैसे चालवायचे घेता आणि खुर्चीतून उठवत बसता," असं आम्हाला तोंडावर ऐकवणारेही आहेत. त्यांना आमचं उत्तर एवढंच, की ज्याला स्वतःहून नीट उभं राहता येत नाही, त्याला हाताला धरून अंगणात फिरवलं तर तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायला छान होतो, पण त्यानं पाय तयार होत नाही.

पद्धत अशी. सोफा आणि प्लास्टिकची खुर्ची बाजूला ठेवा. सोफ्यात बूड रुततं आणि प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून सरकते. हातांची जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सुरुवातीला त्यावर घट्ट गादी टाकून उंची वाढवा, पाय सुधारतील तशी गादी काढा. पेशंटला खुर्चीच्या कडेला सरकू द्या. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, पूर्ण टेकलेली हवीत. दुबळं पाऊल पुढे पळत असेल तर मागे आणा, नाहीतर सगळा भार चांगला पायच घेतो. मग चांगल्या हातानं दुबळा हात धरून दोन्ही हात पुढे करायचे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं झुकायचं आणि उठायचं. बसताना आधी दोन्ही पोटऱ्यांना खुर्ची लागल्याची खात्री करायची, मग हळूहळू बसायचं. धपकन बसणं चालणार नाही, कारण हळू खाली येताना मांडीला वजन सावरून धरावं लागतं आणि त्याचाही फायदा होतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ जमेल तितक्या वेळा करा. आकडा आम्ही पेशंट पाहून लिहून देतो.

आधार देणाऱ्यानं दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. एक हात पेशंटच्या कमरेच्या पट्ट्यावर, दुसरा गरज पडली तर छातीपुढे. हा रुंद कापडी पट्टा आम्ही डिपॉझिट घेऊन वापरायला देतो. सर्जिकलच्या दुकानातही मिळतो, आमच्याकडूनच घ्या असं नाही. पण पट्ट्याशिवाय उभं करायचं नाही, हा आमचा नियम आहे. लुंगीची गाठ किंवा गाऊन धरून कोणाला सावरता येत नाही.

पडण्याची भीती सगळ्यांनाच असते आणि ती खोटी नाही. पक्षाघातानंतर माणूस बहुधा दुबळ्या बाजूवर पडतो. त्या बाजूचं हाड न वापरल्यामुळे आधीच ठिसूळ होत गेलेलं असतं, त्यामुळे खुब्याचं फ्रॅक्चरही जास्त करून त्याच बाजूला होतं. पण म्हणून "हलू नका, पडाल" म्हणत बसवून ठेवलं तर पाय आणखी दुबळे होतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. उलट बाजूचीही खरी गोष्ट सांगतो. कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामानं पडण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं, पण एकदा तरी पडणाऱ्या माणसांची संख्या कमी होते असं दिसलं नाही, आणि पुरावाही भक्कम नव्हता. त्यामुळे "आमचा पेशंट पडणारच नाही" अशी हमी आम्ही देत नाही. कोणी देत असेल तर विचार करा.

घराबद्दल आम्ही किरकिर करतो ती यासाठीच. दारातलं पायपुसणं आणि पलंगाजवळची सतरंजी उचला. मोरीत भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायच्या नळीला धरून कोणी उठू नये, ती उपटून येते. सपाता बंद, टाचेला पट्टा असलेले सँडल घाला. मालिशबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. करा, अंगाला बरं वाटतं. पण तळव्याचं तेल साबणानं धुऊन, पाऊल कोरडं करूनच फरशीवर उभं करा. तेलकट तळवा आणि गुळगुळीत टाइल यांच्यावर कुठलाही व्यायाम उपयोगी पडत नाही.

पहाटे लघवीला उठणं सगळ्यात धोक्याचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, झोपेतून एकदम उभं राहिलं की दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटं बसा, पावलं वरखाली हलवा, मगच उठा. लघवीचं भांडं उशाशी ठेवायला लाजू नका.

उजव्या मेंदूला झटका आलेल्या काही पेशंटचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतो. त्यांना नजर कमी नसते, जाणीव कमी असते. त्यांच्यावर ओरडू नका. बोलावण्याची घंटा आणि पाणी उजवीकडे ठेवा, गप्पा मात्र डावीकडे बसून मारा, म्हणजे मान तिकडे वळेल.

चालताना फोन देऊ नका. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली एका निवासी केंद्रातल्या वृद्धांवर पाहिलं, की चालता चालता बोलायला लागल्यावर जे थांबतात, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. तुमचा पेशंट बोलताना थांबत असेल तर आम्हाला सांगा, आम्ही व्यायाम त्याप्रमाणे बदलतो.

आणि पडलेच तर? लगेच उचलू नका. आधी बोला, डोकं आपटलं का विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर काही दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर हलवू नका, अँब्युलन्स बोलवा. तसं काही नसेल तर चांगल्या कुशीवर वळवा, कोपरावर येऊ द्या आणि समोर खुर्ची ठेवा. जमिनीवरून उठणं आम्ही मुद्दाम शिकवतो, कारण घरी एकटी बाई असली तर तिला ते उचलणं झेपत नाही आणि तिचीही कंबर धरते.

पहिली भेट तासाभराची असते. तिच्यात तोलाची १४ कामांची, ५६ गुणांची तपासणी करतो आणि पेशंट दिवसभरात जिथे जिथे उठतो-बसतो, ती प्रत्येक जागा पाहतो. त्या दिवशी व्यायाम थोडाच होतो, तरी पूर्ण भेटीचे पैसे घेतो, कारण पुढचा सगळा कार्यक्रम त्यावरच ठरतो. दर महिन्याला तेच गुण पुन्हा काढून तुम्हाला लेखी देतो, म्हणजे प्रगती आमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा कागदावर दिसते. घरातला एक माणूस मात्र प्रत्येक भेटीला समोर हवा. आम्ही तासभर असतो, उरलेले तेवीस तास तुम्ही असता. घरातलं कोणीच नसेल तर भेट पुढे ढकलू, पैसे लागणार नाहीत.

भेटीआधी डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, पेशंट घरात घालतो त्या चपला आणि एक जड लाकडी खुर्ची तयार ठेवा. खांदा आधीच दुखत असेल तर तसं फोनवरच सांगा, म्हणजे आम्ही खांद्याचा आधारपट्टा घेऊन येऊ.