बायोलॉजीच्या लॅबमधले नियम आले कुठून?

‘आविष्कार’ या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेचे वारे वाहू लागले की विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत बायोलॉजीच्या लॅबला जाग येते. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट, मार्गदर्शक म्हणून एक सर किंवा मॅडम, आणि विषय बहुधा आसपासचाच: कपाशीच्या मुळाजवळच्या मातीतले जिवाणू, संत्र्याच्या सालीवरची बुरशी, नाहीतर मोहफुलांचं आंबणं. प्रॅक्टिकलच्या तासाला सगळ्यांवर कुणाची तरी नजर असते. प्रकल्पाचा गट मात्र कॉलेज सुटल्यावरही लॅबमध्ये एकटाच असतो. दारावर चिकटवलेला नियमांचा कागद खरा तेव्हा कामाचा, आणि तेव्हाच तो कोणी वाचत नाही. त्यातल्या बऱ्याच ओळी मात्र कुणाच्या ना कुणाच्या आजारपणातून आलेल्या आहेत.

तोंडाने पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची नळी, ओढू नये, ही त्यातली सर्वात जुनी. असं ओढताना विषमज्वराच्या जंतूंचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, एका डॉक्टरच्या तोंडात गेल्याची नोंद १८९३ सालची आहे. तरी पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर तोंडच वापरात राहिलं. जर्मनीत मारबुर्गला हाइनरिश श्निटगर नावाच्या तरुण संशोधकाने १९५७ मध्ये स्प्रिंग आणि दट्ट्याचं पिपेट तयार केलं आणि आजच्या मायक्रोपिपेटची सुरुवात झाली. आपल्याकडच्या छोट्या कॉलेजांत काचेचं पिपेट आणि तोंड ही जोडी त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. तोंडाऐवजी वापरायचा रबरी बल्ब एक तर फाटलेला असतो, नाहीतर कपाटात कुलूपबंद. मग ‘साधं पाणीच तर आहे’ म्हणून ओढलं जातं. पाण्यावर लागलेली सवय कल्चर समोर आल्यावर सुटत नाही, ही खरी अडचण.

पिपेटचा अपघात निदान कळतो तरी. बहुतेक संसर्ग कळतच नाहीत, हे दाखवून दिलं अमेरिकेतल्या सल्किन आणि पाइक यांनी. १९५१ पासून त्यांच्या पाहण्या प्रसिद्ध होऊ लागल्या. १९७६ मध्ये पाइक यांनी जगभरातल्या ३,९२१ लॅब-संसर्गांचा हिशेब मांडला. ज्यात सुई टोचली, काच फुटली, तोंडात गेलं असं काही ठामपणे सांगता येत होतं, ती प्रकरणं पाचातल्या एकाहूनही कमी निघाली. बाकीचे लोक नुसते रोजच्यासारखं काम करत होते.

मग जंतू अंगात गेले कसे? याचं बरंचसं उत्तर फोर्ट डेट्रिक या अमेरिकी लष्कराच्या केंद्रात मिळालं. जंतुयुद्धाच्या तयारीसाठी उभारलेल्या जागेतून लॅब-सुरक्षेचं शास्त्र निघावं, हा इतिहासाचा वाकडा न्यायच म्हणायचा. तिथे आर्नल्ड वेडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साध्या कृती तपासल्या. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढणं, नुकतंच थांबलेलं मिक्सर उघडणं, तापलेली लूप (जंतू उचलायची तारेची कडी) कल्चरमध्ये घालणं, या सगळ्यांतून डोळ्यांना न दिसणारे थेंब हवेत तरंगत राहतात. निक्रोमची लूप स्पिरिट लॅम्पवर लाल करून लगेच बुडवली की ‘चर्र’ असा आवाज येतो. नव्या पोरांना तो आवडतो, काम जोरात चाललंय असं वाटतं. खरं तर फोडणीसारखं तिथे कल्चर उडत असतं. म्हणून लूप आधी गार होऊ द्यायची आणि मगच बुडवायची. घाईच्या गटात हे सर्वात आधी सुटतं.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मला सर्वात बोलकी वाटते ती २०११ सालची घटना. अमेरिकेत ३८ राज्यांत मिळून १०९ जणांना साल्मोनेला टायफिम्युरियम या जिवाणूचा संसर्ग झाला, एक जण दगावला. धागा निघाला मायक्रोबायोलॉजीच्या लॅबपर्यंत, त्यात शिकवण्याच्या लॅबही होत्या. आजारी पडलेल्यांत लहान मुलंही होती, आणि ती लॅबच्या जवळपासही फिरकलेली नव्हती. घरातलं कोणीतरी लॅबमध्ये शिकत किंवा काम करत होतं. पेन, वही, दप्तर, एप्रन अशा वस्तूंबरोबर जंतू घरी येऊ शकतात, हे तपास करणाऱ्यांनी बजावून सांगितलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संस्थेने शिकवण्याच्या लॅबसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

आता आपल्याकडचं चित्र पाहा. मुलगी सकाळच्या एसटीने येते. तिच्या एकाच बॅगेत डबा, जर्नल, घडी घातलेला एप्रन आणि मोबाइल. घरी गेल्यावर तो एप्रन सगळ्यांच्या कपड्यांत धुवायला पडतो. लॅबमधले जुने काका यावर कुठलीही तत्त्वं न वाचता ओरडत असतात: “पोट्टेहो, एप्रन अथीसा ठेवा, अन् चिवडा खाचा असन तं भायेर जा!” लॅबमध्येच खुंट्या ठोकून घेतल्या आणि चार पेनं कायमची तिथे ठेवली, तर अर्धं काम होतं. त्याला वेगळा निधी लागत नाही.

कायद्याची वाट वेगळी आहे. जनुकं कापून जोडण्याचं तंत्र हाती आल्यावर त्याच्या धोक्यांवर बोलायला शास्त्रज्ञ फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमारला जमले. जंतू जितका धोकादायक तितकी वरची, अशा जैवसुरक्षेच्या एक ते चार पातळ्या १९८४ च्या अमेरिकी पुस्तिकेने रूढ केल्या. भारतात पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आणि त्याखालचे घातक सूक्ष्मजीव व जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयीचे नियम १९८९ चे. या नियमांचं नाव विदर्भात फारसं कुणी घेत नाही, पण त्यांच्याखालीच मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. एखाद्या गटाने ई. कोलाय या जिवाणूमध्ये चमकणारं जनुक घालायचं ठरवलं, तर त्यालाही हेच नियम लागू होतात. संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते.

प्राणिशास्त्राच्या बाजूने बदल झाला तो वेगळ्याच कारणाने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं, आणि बेडकांबरोबर, प्राणी टिकवायच्या फॉर्मलिनचा वासही कमी झाला. फॉर्मलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

मातीतले जिवाणू वाढवणाऱ्या गटाकडे मात्र यातलं कुठलंच बंधन थेट येत नाही. जनुकीय बदल नाही, म्हणून समिती नाही. रुग्णाचा नमुना नाही, म्हणून धास्ती नाही. पण प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या चपट्या बशीत) काय उगवलंय ते ओळख पटेपर्यंत कोणालाच माहीत नसतं, आणि मातीत चार-दोन असणारा जिवाणू प्लेटवर कोट्यवधी झालेला असतो. त्यामुळे वाढलेली प्लेट पट्टीने बंद ठेवायची, पाहायची ती झाकणातूनच, आणि वास घेऊन ओळखायचा जुना शौक सोडायचा. विल्हेवाटीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शैक्षणिक संस्थांनाही लागू आहेत, आणि लॅबमधलं कल्चर जागेवरच निर्जंतुक करून मग बाहेर द्यायचं असतं. इमारतीमागच्या खड्ड्यात टाकलेल्या प्लेटा या नियमात कुठेच बसत नाहीत.

निर्जंतुक करायचं म्हणजे ऑटोक्लेव्ह, दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं भांडं, शार्ल शांबरलां यांच्या १८७९ च्या यंत्राचा वंशज. चौरस इंचाला पंधरा पौंड दाब, १२१ अंश, मीडियासाठी, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्यासाठी, पंधरा मिनिटं. वापरलेल्या, गच्च भरलेल्या प्लेटांना त्याहून जास्त. मध्येच लाइट गेली आणि काटा उतरला, तर आधीची मिनिटं धरायची नाहीत. दाब पुन्हा चढल्यावर वेळ पहिल्यापासून मोजायची, मग शेवटची एसटी चुकणार असली तर तो घाणा दुसऱ्या दिवसावर ठेवायचा.