बुशहरचा ‘कॉन्सुल’ : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात इराणच्या बुशहर बंदरातली ब्रिटिश वकिलात नेमके काय करत होती, हे कळायला आधी ‘कॉन्सुल’ (परक्या शहरात आपल्या लोकांची आणि व्यापाराची कामे पाहणारा सरकारी प्रतिनिधी) या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. तिथला साहेब एकाच खुर्चीत दोन पदे घेऊन बसे. तेहरानच्या दप्तरी तो कॉन्सुल-जनरल, तर हिंदुस्थान सरकारच्या दप्तरी इराणी आखाताचा पोलिटिकल रेसिडेंट. पुण्याच्या संगमावरचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला ब्रिटिशांचा राजकीय प्रतिनिधी, ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दुसऱ्या पदाचा अर्थ वेगळा सांगायला नको. कंपनीची वखार इथे १७६३ मध्ये आली. १८७३ पर्यंत इथला रेसिडेंट मुंबई सरकारला जबाबदार होता, आणि कॉन्सुल-जनरलची पाटी लागली ती थेट १८७८ मध्ये. किनाऱ्यावरचे लोक या पाट्यांच्या भानगडीत पडत नसत. त्यांच्या तोंडी तो सरसकट ‘बालियूज’.

रोजचे काम तसे कारकुनी वाटावे असे. हिंदी व्यापाऱ्यांच्या येणी-देण्यांचे खटले, जहाजांचे कागद, बंदरातले क्वारंटाइन, पळून आलेल्या गुलामांना मुक्तीचे दाखले. १८६४ पासून गावात हिंदुस्थान सरकारचे टपालघर होते आणि त्याच साली आखातातली समुद्री तार बुशहरवरून गेली. पण या कारकुनीच्या आडून आखातभरच्या शेखांशी करारमदारही चालत. हे काम कोणत्याही कॉन्सुलच्या सनदेत बसणारे नव्हते.

इराणने १ नोव्हेंबर १९१४ रोजी तटस्थता जाहीर केली. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने इराणात आपापले प्रभावपट्टे वाटून घेतले, त्या वाटणीतही बुशहर ब्रिटिश पट्ट्यात नव्हते. तो पट्टा बंदर अब्बासपासून पूर्वेला. तरीही मार्च १९१५ मध्ये ब्रिटिशांनी रात्री सैनिक पाठवून इथल्या जर्मन कॉन्सुलला घरातून उचलले, त्याचे कागद जप्त केले आणि त्याची रवानगी हिंदुस्थानात केली. आरोप असा की, हा गृहस्थ टोळ्यांना चिथावतो आहे, कॉन्सुलचे काम करतच नाही. आरोपात तथ्य होते. त्याचा एक सहकारी डोंगराळ मुलखात नेमका तोच उद्योग करत फिरत होता. पण त्या मापाने मोजायचे तर बुशहरमध्ये कॉन्सुल म्हणावा असा एकही माणूस उरला नसता, आणि इराणचा निषेध नेमका याच ठिकाणी बोचणारा होता. तटस्थ देशातल्या परक्या वकिलाला पकडायचा अधिकार ब्रिटिशांना कुणी दिला, याला सरळ उत्तर नव्हते.

पुढचे लवकर सांगता येते. १२ जुलैला शेजारच्या तंगिस्तान मुलखातल्या टोळ्यांनी बुशहरच्या वेशीवर हल्ला केला, दोन ब्रिटिश अधिकारी मारले गेले. ८ ऑगस्टला ब्रिटिशांनी बंदरच ताब्यात घेतले. इराणी तिकिटांवर शहाच्या चेहऱ्यावरून काळ्या शाईत तीन ओळी उमटल्या: ‘बुशायर, ब्रिटिश ताब्याखाली’. ऑक्टोबरात बंदर परत केल्यावर तिकिटेही बंद झाली. खरी इतकी थोडी की संग्राहकांच्या वाट्याला नकलाच जास्त येतात.

नोव्हेंबरात फासा उलटा पडला. शिराझच्या ब्रिटिश कॉन्सुलला इराणी जेंडार्मरीने (सशस्त्र पोलीस दलाने) इतर ब्रिटिशांसह पकडले. बायकांना बुशहरकडे जाऊ दिले, पुरुषांना तंगिस्तानातल्या अहरमच्या गढीत डांबले. आता कॉन्सुलच्या पवित्र दर्जाची आठवण लंडनला झाली. ऑगस्ट १९१६ मध्ये टोळ्यांच्या कैद्यांच्या बदल्यात हे पुरुष सुटले.

ब्रिटिशांशी लढणारा तंगिस्तानातल्या दिलवारचा जो सरदार, रईस अली दिलवारी, सप्टेंबर १९१५ मध्ये मारला गेला, त्याच्या नावाने इराण आजही इराणी पंचांगातल्या शहरीवर महिन्याच्या १२ तारखेला वसाहतवादविरोधी दिवस पाळतो. परक्यांचे खटले परक्यांच्याच कोर्टात चालण्याची सवलत तेहरानने १९२८ मध्ये मोडीत काढली, त्याबरोबर वकिलातीतले कोर्टही गेले. रेसिडेंटसाहेब मात्र १९४६ पर्यंत बुशहरलाच होते. मग बिऱ्हाड बहरीनला हलले.