प्लेट रिव्हर्ब : जतन, दुरुस्ती व फेरबदल

टांगलेल्या पातळ पोलादी पत्र्याच्या कंपनांतून ध्वनीला निनाद देणारे ध्वनिमुद्रण-उपकरण. भौतिकीच्या मराठी परिभाषेत या परिणामाला निनादन किंवा अनुरणन म्हणतात. स्टुडिओत ‘रिव्हर्ब’ हाच शब्द चालतो. गावोगावच्या साउंडवाल्यांच्या बोलण्यात ‘एको’ या एकाच शब्दात प्रतिध्वनी आणि निनाद दोन्ही येतात. प्रतिध्वनीत मूळ आवाज सुटा परत येतो, तर निनादात असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून आवाजाला लांब शेपूट येते. विदर्भात पत्र्याला सर्रास ‘टिन’ म्हणतात, पण येथे अभिप्रेत आहे तो छपराचा नाळीदार टिन नव्हे. बाजारात सीआर शीट म्हणून मिळणारा सपाट, बिनजस्ती पत्रा.

या प्रकारातील मूळ संच ईएमटी १४० हा होय. जर्मनीतील लार येथील विल्हेल्म फ्रान्झ यांच्या कंपनीने तो १९५७ च्या सुमारास बाजारात आणला. त्यामागचे संशोधन वाल्टर कूल यांचे मानले जाते. ते जर्मन नभोवाणीच्या तांत्रिक संशोधन संस्थेत काम करीत. शोधाचे श्रेय कंपनीला द्यावे की संस्थेला, याबाबत लिखाणात एकवाक्यता नाही. पत्र्यामागची ध्वनिकी नभोवाणीच्या गरजेतून आली आणि कंपनीने तिला विकता येईल असे रूप दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सुरुवातीचे संच एकमार्गी (मोनो) होते. पत्र्याची कंपने टिपणारे दोन संवेदक असलेला स्टिरिओ संच १९६१ च्या सुमारास आला. सोन्याच्या वर्खावर चालणारा लहान ईएमटी २४० हा १९७० च्या दशकाच्या प्रारंभीचा, तर १९७६ चा ईएमटी २५० पूर्णतः अंकीय होता. त्यानंतर पत्र्याचे संच हळूहळू मागे पडले.

रचना : पत्रा सुमारे २ मी. लांब, १ मी. रुंद व अर्धा मिमी. जाड असतो. तो नळ्यांच्या पोलादी चौकटीत स्प्रिंगांनी ताणून उभा टांगतात. मधल्या भागाजवळ पत्र्याला कंप देणारा, हलत्या कॉइलचा चालक असतो आणि बाजूंना दाबविद्युत (पिझो) संवेदक. पत्र्याला समांतर असा एक सच्छिद्र फलक मोटरने पुढे-मागे सरकतो. तो जवळ आला की निनाद १ सेकंदापर्यंत आखडतो, दूर गेला की ५ सेकंदांच्या आसपास जातो. संपूर्ण संचाचे वजन पावणेतीनशे किग्रॅ.च्या घरात असते; त्यात प्रत्यक्ष आवाज करणारा पत्रा जेमतेम ८ किग्रॅ. भरतो. बाकी सारे वजन चौकटीचे व बाहेरचा आवाज अडवणाऱ्या पेटीचे.

पत्र्यातील लहरी वाकण्याच्या असतात आणि त्यांचा वेग वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वरील मापाच्या पत्र्यात १०० हर्ट्झचा आवाज सेकंदाला सुमारे २० मी., तर १०,००० हर्ट्झचा २०० मी.हून अधिक वेगाने जातो. त्यामुळे तीक्ष्ण आघातातला चढा भाग संवेदकापाशी आधी पोचतो आणि ओळखीची धातूची चमक ऐकू येते. संच तपासायला खंजिरीची कोरडी थाप फार उपयोगी पडते. गुरुकुंज मोझरीच्या परंपरेतील भजनांमुळे हे वाद्य विदर्भात गावोगाव आहे. एका थापेत चमक, खरखर आणि शेपटाची लांबी तिन्ही कळतात.

ताणाविषयीचा मतभेद : पत्रा किती ताणावा हा दुरुस्तीतील सर्वांत वादाचा मुद्दा आहे. एका मतानुसार ताण म्हणजे तंबोऱ्याच्या तारेसारखी जुळणी असून संचाचा सूरच त्यावर ठरतो. दुसऱ्या मतानुसार पत्रा पडद्यासारखा नव्हे, तर स्वतःच्या ताठरपणाने कंप पावतो. ताणाचे काम त्याला सपाट ठेवण्यापुरते असते. गणित दुसऱ्या मताकडे झुकते. वाकण्याला होणाऱ्या विरोधाचा वाटा वारंवारतेबरोबर वाढत जातो, म्हणून काहीशे हर्ट्झच्या वर ताणाचा प्रभाव नगण्य उरतो. खालच्या पट्ट्यात मात्र तो जाणवतो : सैल पत्रा घंटेसारखा घुमतो, क्वचित फडफडतो. व्यवहारात कोपरे एकसारखे ताणणे महत्त्वाचे. एक कोपरा घट्ट आणि समोरचा सैल राहिला, तर पत्र्याला पीळ बसतो आणि चालकाची कॉइल चुंबकाच्या फटीत घासू लागते. सूर लावल्याप्रमाणे प्रत्येक कोपऱ्याजवळ बोटाने टिचकी मारून आवाज जुळवत जाणे ही जुनी रीत आजही विश्वासार्ह आहे. प्रत्येक फेरीत थोडेच पिळावे; कोपऱ्याची पकड तुटली तर पत्राच बदलण्याची पाळी येऊ शकते.

विदर्भातील हवामान : उष्णतेने पत्रा सैल पडतो, हे विधान अर्धेच खरे आहे. पत्रा व चौकट दोन्ही पोलादाची असल्याने सावकाश बदलणाऱ्या तापमानात दोन्ही सारखीच प्रसरण पावतात. अडचण येते ती वेगाने होणाऱ्या बदलात. पातळ पत्रा लगेच तापतो किंवा निवतो, जाड चौकट मागे राहते. दोहोंत १० अंशांचा फरक पडला तर २ मी. लांबीत सुमारे पाव मिमी.चा फरक येतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. अशा दुपारी खोली अचानक थंड करून लगेच ताण जुळवणे चुकीचे. चौकट निवेपर्यंत थांबावे.

गंजाबाबत विदर्भाचा उन्हाळा तसा पत्र्याला मानवणारा, कारण बाहेरची हवा कोरडी असते. घरात मात्र मार्चअखेरीस कूलर सुरू होतो आणि ओल्या ताटीतून येणारी हवा खोलीचा दमटपणा पावसाळ्यासारखा करते. शिवाय पंख्याचा थरथराट जमिनीवाटे चौकटीत शिरतो. संचाच्या खोलीत कूलर नसावाच. शेजारच्या खोलीतली हवाही थेट पत्र्यावर येऊ देऊ नये. पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण घामातील क्षार डाग पाडतात. हलका तांबूस डाग तसाच ठेवणे इष्ट. पॉलिश पेपरने घासल्यास जाडी असमान होते. रंग किंवा तेलाचा थर दिला तर चढे स्वर मरतात.

काळ्या कपाशीच्या जमिनीचा धोका कमी लेखला जातो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या उथळ पायाच्या घरांची जमीन वर्षाकाठी खालीवर होते. चौकट तिरकी झाली की लटकलेला पत्रा चालकापासून सरकतो. म्हणून मृगाच्या पावसानंतर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पाणसळ लावून पाय समतल करावेत. मुरूम भरून घातलेल्या कोब्यावर हा त्रास बराच कमी होतो.

विद्युत भाग : संवेदक हा विद्युतदृष्ट्या लहान धारित्र (कपॅसिटर) असतो आणि त्याला पुढच्या प्रवर्धकाचा (ॲम्प्लिफायरचा) रोध मोठा लागतो. उदाहरणार्थ, ५ नॅनोफॅरडच्या संवेदकाला १ मेगओहमचा रोध मिळाला तर वारंवारतेची खालची मर्यादा ३० हर्ट्झच्या आसपास राहते. दमटपणामुळे तारेच्या आवरणातून गळती होऊन तोच रोध १०० किलोओहमवर आला तर ती ३०० हर्ट्झच्या वर जाते. पावसाळ्यात ‘आवाज पातळ झाला’ असे वाटल्यास पत्र्याला हात लावण्याआधी संवेदकाचे सोल्डर आणि तारा पुसून, वाळवून पाहाव्यात. जुन्या व्हॉल्व्ह प्रवर्धकांतील विद्युत-अपघटनी धारित्रे वयाने सुकतात. ती बदलावीच लागतात. जर्मन संच २२० व्होल्ट, ५० हर्ट्झचे असल्याने येथे रोहित्र बदलावे लागत नाही, पण शेतीपंप सुरू असताना गावातील विद्युतदाब बराच उतरतो. स्टॅबिलायझर वापरावा आणि त्याची गुणगुण पोचू नये म्हणून तो संचापासून दूर ठेवावा.

फेरबदल : एकमार्गी संचाला दुसरा संवेदक बसवणे, व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर प्रवर्धक घालणे आणि चालकाकडे जाणाऱ्या आवाजातील खर्ज आधीच छाटणे हे नेहमीचे बदल. शेवटचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी आहे. निनाद सुरू होण्याआधी क्षणभर उशीर हवा असल्यास पूर्वी टेप यंत्रातून आवाज फिरवून घेत. मूळ चालकाच्या जागी जड एक्सायटर (पृष्ठभागाला चिकटवून त्याला कंप देणारा चालक) चिकटवण्याचा मोह टाळावा. त्याचे वजन पत्र्यावरच पडते. नवा पत्रा घालायचा झाल्यास तो गुंडाळीतून कापलेला नसावा. गुंडाळीचा बाक ताणूनही पूर्ण जात नाही.

वाहतूक : संच हलवण्याआधी पत्रा कुलूप-स्क्रूंनी चौकटीत जखडावा, फलक सोडवून वेगळा बांधावा आणि संच उभाच न्यावा. आडवा ठेवून खडीच्या रस्त्याने नेल्यास पत्र्याला कायमचा खोलगटपणा येतो. मुक्कामी पोचल्यावर स्क्रू सैल करण्यापूर्वी पाय समतल करावेत, आणि ताण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा.