गाणं बसतं ते हात थांबल्यावर

सगळं गाणं येत होतं. अडत होतं ते पाच सेकंदांपाशी. दुसरं कडवं संपताना बेसची, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारची ओळ 'ए' तारेच्या तिसऱ्या पडद्यावरून (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरून) उठते आणि थेट 'जी' तारेच्या दहाव्या पडद्यावर जाऊन पडते. मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या माडीवरच्या खोलीत, जेवणं उरकल्यावर हेडफोन लावून, ती उडी मी अकरा रात्री मारली. रोज तासभर. शेवटच्या वीस मिनिटांत हात सुरुवातीपेक्षा वाईट चालायचा, तरी हट्टाने वाजवत राहायचो. बाराव्या दिवशी सकाळी, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत म्हणून बेस मांडीवर घेतला आणि पहिल्याच फटक्यात उडी बसली. दुसऱ्यांदा बसली. तिसऱ्यांदाही.

नोकरी-संसार सांभाळून हौसेने वाद्य शिकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. रात्री न जमलेलं सकाळी कसं जमतं, याचा शोध घेत गेलो आणि माझी सरावाची सगळी पद्धतच बदलली.

आधी हिशेब मांडू. गाण्याची लय मिनिटाला ११० मात्रांची, एका मात्रेत चार स्वर. म्हणजे मिनिटाला ४४० स्वर, सेकंदाला सातहून जास्त. एका स्वराच्या वाट्याला येतात जेमतेम १३६ मिलिसेकंद. आता, कानावर आवाज पडल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. वाजलेला स्वर ऐकून पुढचा ठरवू म्हटलं, तर तोवर पुढचा वाजूनही गेलेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९५१ साली नेमका हाच मुद्दा मांडला. वादकाची बोटं इतक्या झपाट्याने फिरतात, की एका हालचालीची जाणीव मेंदूत पोचावी आणि तिच्यावरून दुसरी सुरू व्हावी, एवढी सवडच नसते. हालचालींची माळ आधीच ओवलेली असली पाहिजे.

आपल्याकडच्या तबलजींना हे सांगावं लागत नाही. इथल्या देवल क्लबात, गाण्याच्या मैफलीत पुढे बसून तबला ऐकताना बोटांकडे नीट बघा. 'तिरकिट' वाजवणारा माणूस ति, र, कि, ट असे चार आघात मोजत नसतो. त्याच्या लेखी तो एक बोल. लहानपणी तो बोल आधी तोंडाने पढलेला असतो, हातात नंतर उतरतो. मेंदूविज्ञानही तेच म्हणतं: सुट्या हालचाली जोडून मेंदू त्यांचे गट्ठे बांधतो आणि मग अख्खा गट्ठा एका हुकमात सोडतो. मीही बेसची ओळ हातात घेण्याआधी तोंडाने म्हणायला लागलो. घरच्यांना सुरुवातीला विचित्र वाटलं, पण तोंडाने जिथे अडखळत होतो तिथेच हातही अडखळत होता, हे दोन दिवसांत लक्षात आलं.

आणि अडखळणं बहुतेक वेळा गट्ठ्याच्या पोटात नसतं, दोन गट्ठ्यांच्या सांध्यावर असतं. माझी पाच सेकंदांची अडचण खरं तर एका सांध्याची होती. तिसऱ्या आणि दहाव्या पडद्यांमधलं अंतर सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. एवढं अंतर एका स्वराच्या अवधीत कापून बोट बरोब्बर टेकवायचं.

बेस हे मुळात लांबरुंद वाद्य आहे. नेहमीच्या गिटारची तार साधारण साडेपंचवीस इंच, तर बेसची ३४ इंच. तारेच्या टोकापासून पहिला पडदाच जवळजवळ पाच सेंटिमीटरवर. पुढे दोन पडद्यांमधलं प्रत्येक घर आधीच्यापेक्षा सहाएक टक्क्यांनी आखूड होत जातं आणि बाराव्या पडद्यापाशी तारेची बरोबर निम्मी लांबी उरते. त्यामुळे खालच्या घरांत बोटं ताणावी लागतात आणि वरच्या घरांत तीच बोटं जवळ घ्यावी लागतात. हाताला एकच माप पाठ करून भागत नाही.

त्यातून आपली बोटं एकमेकांपासून पूर्ण मोकळीही नाहीत. करून बघा: पंजा टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून घ्या आणि अनामिका उचलायचा प्रयत्न करा. उचलत नाही. बोटं उचलणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात, तिथून कंडरांच्या दोऱ्या बोटांपर्यंत येतात आणि हाताच्या पाठीवर त्या दोऱ्या आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. 'तुझी करंगळी आळशी आहे' असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका, ही शरीराची रचना आहे. मेंदू मात्र सरावाला दाद देतो. १९९५ साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठीची जागा इतरांपेक्षा मोठी आढळली. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक जास्त होता.

आता मूळ प्रश्नाकडे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ हा आकड्यांचा क्रम टाइप करायला सांगितला. दहा सेकंद टाइप करायचं, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा दहा सेकंद. वेग कुठे वाढतो हे त्यांनी क्षणाक्षणाने मोजलं. वाढ बहुतेक सगळी थांबण्याच्या दहा सेकंदांत झालेली निघाली! टाइप करत असताना वेग फारसा वाढत नव्हता; थांबून पुन्हा सुरू केलं की हात आधीपेक्षा चपळ झालेला असायचा.

त्याआधी, २००२ साली, हाच आकड्यांचा क्रम घेऊन झोपेवर काम झालं होतं. सकाळी शिकून दिवसभर जागे राहिलेल्यांच्या वेगात फारसा फरक पडला नाही. रात्रीची झोप झालेल्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि चुका वाढल्या नाहीत. मग २००४ मध्ये त्याच गटाने आणखी बारकाईने पाहिलं, तेव्हा दिसलं की झोपेनंतरची सर्वांत मोठी सुधारणा जिथे बोटं सर्वांत जास्त रेंगाळत होती त्या सांध्यांवर झाली होती. सोपे भाग होते तिथेच राहिले. हे वाचलं तेव्हा माझी तिसऱ्यावरून दहाव्या पडद्यावरची उडी डोळ्यांसमोर आली.

यावर वाद आहेत, तेही सांगायला हवं. काही संशोधकांच्या मते या सुधारणेतला बराच भाग थकवा उतरल्याचा असतो. दमलेला हात आपलं खरं कसब दाखवत नाही, विश्रांतीनंतर दाखवतो, एवढंच. पण हौशी वादकासाठी दोन्हींतून निघणारा सल्ला एकच आहे: हात दमला की थांबायचं. माझी शेवटची वीस मिनिटं फुकट जात होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. पहाटे शड्डूचा आवाज माडीपर्यंत येतो. तिथले वस्ताद नव्या पोराला अख्खा डाव एकदम देत नाहीत. डावाआधीचं एक पाऊल, तेवढंच, संथपणे, पुन्हा पुन्हा. दम लागला की बसवतात. आणि खुराकाइतकीच झोपेची चौकशी करतात. लहानपणापासून हे बघत आलोय, तरी बेस हातात घेतल्यावर मी ते विसरलो होतो.

आणखी एक गोष्ट मी उलटी करत होतो. एकच तुकडा पन्नास वेळा, मग दुसरा पन्नास वेळा. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवलं, की असा एकसुरी सराव करणारे सरावाच्या वेळी भराभर सुधारतात, पण काही दिवसांनी परीक्षा घेतली तर कामं आलटून-पालटून केलेले लोक पुढे असतात. प्रत्येक वेळी मेंदूला हालचाल नव्याने जुळवावी लागते, तीच शिदोरी पुढे पुरते. म्हणून आता तीन अवघड जागा घेतो आणि फिरत्या ठेवतो. सरावात चुका जास्त होतात, मन खट्टू होतं, पण आठवड्याने फरक दिसतो.

एवढा आटापिटा कशासाठी, बेस कुणाला ऐकू येतो, असं मित्र विचारतात. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या स्पीकरमधून ती जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. वरच्या पटीतल्या कंपनांवरून मेंदू मूळ स्वर ताडतो. म्हणून गाणं शिकताना चांगला हेडफोन हवाच. लय मात्र माणूस खालच्या स्वरांवरूनच धरतो. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी लोकांना एक उंच आणि एक खालचा असे दोन स्वर एकत्र ऐकवले आणि मधूनच त्यातला एक ५० मिलिसेकंद आधी वाजवला. खालचा स्वर आधी आला की मेंदूची प्रतिक्रिया ठळक उमटायची, आणि ठेका धरणारी बोटंही खालच्या स्वरामागेच जास्त सरकायची. बेसवाल्याचा चुकीचा स्वर एखाद्या वेळी खपून जाईल, पण उडीला उशीर झाला तर समोरच्याचा पाय अडखळतो. कारण त्याला सांगता येणार नाही.

सध्या शेवटच्या आवर्तनावर आहे. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम ९६ वर, जायचंय ११० पर्यंत. दहा सेकंद वाजवतो, मग हात तारांवरून उचलून मांडीवर ठेवतो आणि आकडे मोजतो. खालून कुकरची शिट्टी येते, गल्लीतून एखादी बुलेट जाते. दहा झाले की पुन्हा. अनामिका अजून उशिरा पोचते आहे. साडेदहा वाजले, आता बेस भिंतीला टेकवून ठेवतो. उडीचं सकाळी बघू.