आठ वॉट, पुरून उरतील एवढे

अ‍ॅम्प्लिफायर दिसला की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॉटचा? पापाच्या तिकटीला विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती बघत वाढलेल्या माणसाला ‘आठ’ हे उत्तर पटत नाही. त्याला हजारांत ऐकायची सवय असते. तरीही राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आठ वॉटांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेले जुने हॉर्न, म्हणजे भोंग्यासारख्या तोंडाचे, स्पीकर शेजाऱ्यांना दार वाजवायला लावतील इतका आवाज आरामात देतात. यात जादू नाही, की अंधारात लालसर तापणाऱ्या काचेच्या नळीचं काही गूढ नाही. वॉट कुठं जातात याचा साधा हिशोब आहे, आणि तो समजला की ही जोडी का जमते आणि कधी जमत नाही, दोन्ही कळतं.

स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवरून मोजलं तर किती डेसिबल आवाज मिळतो, याला त्याची संवेदनशीलता म्हणतात. आज दुकानात मिळणारा बुकशेल्फ स्पीकर साधारण ८७ डेसिबलचा असतो. चांगला मोठा हॉर्न १०४ च्या आसपास जातो. फरक १७ डेसिबलचा. डेसिबल ही गुणाकाराची मोजपट्टी आहे: दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, दर १० ला दसपट. त्यामुळे १७ डेसिबल म्हणजे पन्नास पट. हॉर्नवर १ वॉट जे काम करतो, त्यासाठी बुकशेल्फला ५० वॉट मोजावे लागतात.

आता खोलीत बसून ऐकण्याचा हिशोब करू. ऐकणारा तीन मीटरवर बसलाय, स्पीकर दोन आहेत, आणि तबल्याच्या एखाद्या कडक थापेला त्याच्या कानाशी ९८ डेसिबलपर्यंत जायचंय. अंतरामुळं होणारी घट आणि दोन स्पीकरांची बेरीज धरली तर १ मीटरवर साधारण १०२ डेसिबल हवेत. ८७ वाल्या स्पीकरला त्यासाठी प्रत्येकी ३२ वॉट लागतात. १०४ वाल्या हॉर्नला साधारण ०.६ वॉट. हाही फक्त थापेचा क्षण. सरासरी आवाज त्याहून १५ डेसिबल खाली धरला तर हॉर्न एका वॉटच्या पन्नासाव्या भागावर गातो.

उरलेले वॉट जातात कुठं? उष्णतेत. १ वॉटमधला कणन् कण आवाजात बदलला आणि तो फक्त समोरच्या अर्ध्या अवकाशात पसरला, तर सुमारे ११२ डेसिबल मिळतील. या मापानं ८७ डेसिबलचा स्पीकर फक्त ०.३ टक्का वीज आवाजात बदलतो. बाकीची त्याची व्हॉइस कॉइल, म्हणजे शंकूमागचं तारेचं वेटोळं, तापवते. हॉर्नचा आकडा १६ टक्क्यांच्या घरात जातो.

कारण हवा फार हलकी आहे. कागदी शंकू आणि त्याला चिकटलेली तांब्याची कॉइल तिच्या मानानं जड. शंकू पुढं सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाण्याऐवजी बाजूला निसटते, आणि अ‍ॅम्प्लिफायरची बरीचशी शक्ती शंकूचं स्वतःचं वजन मागंपुढं ढकलण्यात खर्च होते. हॉर्न हवेला निसटू देत नाही. त्यात शंकूच्या जागी पातळ पडदा असतो. त्याच्या अगदी तोंडाशी हॉर्न तिला अरुंद गळ्यात कोंडतो, तिथं दाब वाढतो, पडद्याला ढकलायला काहीतरी घट्ट मिळतं, आणि मग नळी हळूहळू रुंद होत तो दाब मोकळ्या हवेत सोडते. सायकलच्या गिअरसारखंच हे काम आहे: थोड्या हालचालीत जास्त जोर एका टोकाला, जास्त हालचालीत कमी जोर दुसऱ्या टोकाला. हॉर्नच्या मागं बसणाऱ्या, आवाज काढणाऱ्या भागाला कॉम्प्रेशन ड्रायव्हर म्हणतात. त्याचा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पडदा बऱ्याचदा पावणेदोन इंचांचा असतो, आणि तो एक इंचाच्या गळ्यात हवा दाबतो. पडदा आणि गळा यांच्यामध्ये फेज प्लग नावाचा चिरा पाडलेला धातूचा तुकडा बसवतात. पडद्याच्या मधल्या भागापासून आणि कडेपासून निघालेल्या लहरी त्यामुळं एकाच वेळी गळ्यात पोचतात. असा प्लग नसेल तर वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

नळी कशी रुंदवावी यालाही गणित आहे. आर्थर वेबस्टर यांनी १९१९ साली हॉर्नमधल्या ध्वनीचं समीकरण मांडलं, आणि १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी ठरावीक अंतराला क्षेत्रफळ ठरावीक पटीनं वाढणारा, म्हणजे घातांकी, हॉर्न का चांगला ते दाखवलं. या गणितातली सर्वांत कडक अट तोंडाच्या मापाची. हॉर्नच्या तोंडाचा परीघ सर्वांत खालच्या सुराच्या तरंगलांबीएवढा हवा. ५०० हर्ट्झसाठी तरंगलांबी ६९ सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. हे टेबलावर मावतं. ४० हर्ट्झसाठी मात्र व्यास पावणेतीन मीटर लागतो. घराच्या दारातून तो आत यायचा नाही.

अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात यावर जी वाट काढली ती मला आजही फार सुंदर वाटते. त्यांनी हॉर्न लाकडात घडी घालून खोलीच्या कोपऱ्यात बसवला. दोन भिंती आणि फरशी मिळून जो कोन होतो, तोच हॉर्नचा शेवटचा भाग बनतो. लागणारं तोंड आठव्या हिश्शावर येतं. अट एकच, कोपरा भक्कम हवा. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्याची दगडी, जाड भिंत इथं उत्तम. जिप्समच्या पार्टिशनचा कोपरा थरथरतो आणि खालचे सूर गिळून बसतो.

बोलपट आला तेव्हा हॉर्नला पर्याय नव्हता. मराठीतला पहिला बोलपट, ‘अयोध्येचा राजा’, प्रभातनं १९३२ साली याच कोल्हापुरात तयार केला. कंपनी पुण्याला गेली ती त्याच्या पुढच्या वर्षी. त्या काळातले व्हॉल्व्ह मोजक्या वॉटांपलीकडे जात नव्हते आणि समोर मात्र आख्खं थिएटर भरून बसलेलं असायचं. एकेक वॉट महाग होता, म्हणून स्पीकर काटकसरीचा घडवला गेला. पुढं ट्रान्झिस्टरनं वॉट स्वस्त केले, स्पीकर लहान झाले, आणि ती काटकसर कुणाला लागेना. आज घरात जुना हॉर्न आणि व्हॉल्व्ह एकत्र आणतो तेव्हा आपण त्या काटकसरीची दोन्ही टोकं परत जुळवत असतो.

व्हॉल्व्हच्या बाजूलाही असंच एक जुळवणीचं काम आहे. व्हॉल्व्ह भरपूर व्होल्टेज देतो पण करंट अगदी थोडा. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. ईएल८४ हा व्हॉल्व्ह एकटा चालवला तर त्याला सुमारे ५,००० ओहमचा भार आवडतो, आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही दरी बुजवतो. ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. दुसऱ्या बाजूच्या एका वेढ्यामागं पहिल्या बाजूला पंचवीस वेढे. ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हला कॉइलशी जुळवतो, हॉर्न पडद्याला हवेशी जुळवतो. माझ्या मते या छंदात पैसे घालायचे असतील तर ते या दोन ठिकाणी घालावेत. नामांकित व्हॉल्व्हच्या मागं लागून लोक हजारो रुपये घालवतात आणि ट्रान्सफॉर्मर मात्र स्वस्तातला लावतात, याचं मला वाईट वाटतं.

उद्यमनगरात मोटार वाइंडिंगची कामं होतात. तिथल्या कारागिराकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर एक गोष्ट आवर्जून सांगा: एकट्या व्हॉल्व्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी करंट वाहतो, त्यामुळं गाभ्याच्या पट्ट्यांमध्ये बारीक फट ठेवावी लागते. ती नसेल तर लोखंड चुंबकानं तुडुंब भरतं आणि खालचे सूर चिरडले जातात. पहिल्या आणि दुसऱ्या बाजूचे वेढेही थरावर थर आलटूनपालटून घ्यावे लागतात, एरवी वरचे सूर मरतात.

वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हा या छंदातल्या मंडळींचा लाडका व्हॉल्व्ह, ट्रायोड म्हणजे तीन इलेक्ट्रोडांच्या साध्या जातीचा. एकटा चालवला तर ८ वॉट देतो, आणि गाणं थांबलेलं असतानाही वीसेक वॉट नुसते तापण्यात घालवतो. त्याची विकृती, म्हणजे मूळ आवाजात त्यानं घातलेली भेसळ, पूर्ण ताकदीला ५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि ती बहुतेक दुसऱ्या स्वरांशाची. म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांची, सा वाजला तर वरचा सा. मिरजेच्या तंबोऱ्यात एकाच तारेतून वरचा सा, पंचम, अगदी गंधारही ऐकू येतो. अशा स्वरांशांना आपला कान परका मानत नाही. म्हणून ट्रायोडचा दोष गोड लागतो असं सांगितलं जातं. ते खरंय, पण अर्धंच. ही विकृती आवाज कमी केला की झपाट्यानं घटते: शक्ती शंभरपट कमी केली तर ५ टक्क्यांची अर्धा टक्का होते. हॉर्नवर अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळ त्याच भागात असतो. हॉर्नचा पडदाही तेवढ्याच आवाजासाठी फार थोडा हलतो, त्यामुळं त्याची स्वतःची विकृतीही कमी राहते. देवल क्लबात बैठक ऐकलेल्या माणसाला अशा जोडीवर आलाप ऐकताना जो मोकळेपणा जाणवतो, त्याचं श्रेय मी विकृतीच्या गोडीला देत नाही. विकृती फारशी होतच नाही, त्याला देतो.

आता अडचणी. पहिली घरघर. अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांशी फक्त १ मिलिव्होल्टची १०० हर्ट्झची घरघर राहिली, तर ८ ओहमच्या १०४ डेसिबलवाल्या स्पीकरवर ती १ मीटरला ३५ डेसिबलची होते. ८७ वाल्यावर तीच १८ ची. शंभर हर्ट्झला निरोगी कानाला ऐकू येण्याची सीमा २६ डेसिबलच्या जवळ आहे. एकाच अ‍ॅम्प्लिफायरला बुकशेल्फवर ‘एकदम शांत’ म्हणणारा माणूस तो हॉर्नला जोडल्यावर रात्री अकराला वैतागतो ते यामुळंच. पॉवर सप्लायमध्ये चोक (लोखंडी गाभ्यावरचं तारेचं वेटोळं) घाला, अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच बिंदूला आणा, पॉवर ट्रान्सफॉर्मर आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून लांब आणि काटकोनात बसवा.

दुसरी, स्पीकरची निवड. फीडबॅक (बाहेर आलेला थोडा सिग्नल परत आत देऊन चूक सुधारण्याची सोय) नसलेल्या ट्रायोड अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम असतो, म्हणून शंकूवर त्याची पकड सैल असते. जुन्या स्पीकरचे शंकू हलके, चुंबक जोरदार, आणि तेव्हाचे अ‍ॅम्प्लिफायर असेच असल्यानं ते त्यांच्याच हिशोबानं घडलेले. मध्येच ३ ओहमपर्यंत खाली येणारा आजचा स्पीकर याला जोडला तर सूर वेडेवाकडे होतात. जुने थिएटरचे ड्रायव्हर बऱ्याचदा १६ ओहमचे असतात. त्यांना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या १६ ओहमच्या टोकाला, म्हणजे १६ च्या टॅपलाच जोडा. १६ चा स्पीकर ८ च्या टॅपला लावला तर शक्ती घटते एवढंच, उलट केलं तर व्हॉल्व्हला भार जड जातो.

मांडवातला भोंगाही हॉर्नच आहे, पण तो बोलणं लांबवर पोचवायला बनवलेला. खालचे सूर त्यात नाहीत, वरचेही फारसे नाहीत. त्यावर गाणं नाकातून येतं. थिएटरचं खोकं घरात आणायचं तर तेही माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, आणि त्यातला बासचा शंकू आणि वरचा हॉर्न एकजीव ऐकू यायला तीन-चार मीटर अंतर लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत दोन वेगळे आवाज ऐकू येतील. तिथं जुन्या रेडिओग्राममधला ९५ डेसिबलच्या आसपासचा एकच रुंद पट्टीचा कागदी स्पीकर जास्त समाधान देतो, आणि हे मी मनापासून सांगतो.

पावसाळ्यात कागदी शंकू ओल धरून जड होतो आणि चुंबकाच्या बारीक फटीत गंज चढतो. जूनपासून आठवड्यातून एक-दोनदा तरी संच तासभर चालवावा. न वापरलेले ड्रायव्हर सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावेत. जुना अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायर ११७ व्होल्टचा असतो, त्याला आपल्या २३० वर थेट लावू नये. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आतले कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही ३००-४०० व्होल्ट धरून राहतात. हा विजेचा धक्का जीव घेऊ शकतो. आतलं काम जाणकारानंच करावं.

एक मोजणी मात्र कुणालाही करता येते. एसीवर लावलेल्या मल्टिमीटरच्या तारा फक्त स्पीकरच्या दोन टोकांना जोडा, नेहमीच्या आवाजात गाणं लावा आणि काटा किंवा आकडा बघा. साधा मीटर वरच्या सुरांना अचूक नसतो, पण गायकाच्या आवाजाला अंदाज बरा देतो. ८ ओहमवर १ व्होल्ट म्हणजे वॉटचा आठवा भाग. त्याच्या आत राहिलात तर आठ वॉटांच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी थापेसाठी १८ डेसिबल शिल्लक आहेत. आकडा सतत ३ व्होल्टच्या पुढं जात असेल तर साडेआठच्या आतच उरतात, आणि मग व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, जास्त संवेदनशील स्पीकर शोधायला हवा.